मास्तराचं घर

गावगाड्यात मास्तर सगळ्यात शेवटी आला. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट ही मंडळी गावाइतकीच जुनी. सुगीला त्यांना खळ्यावर बलुतं मिळायचं आणि घरासाठी जागा असायची. महार-मांगांना ती जागा वेशीबाहेर मिळाली, तो कडू इतिहास वेगळाच आहे. पण दिवस मावळला की ज्याच्या त्याच्या घरी दिवा लागायचा. शाळा नव्हती तेव्हा पंतोजी होता. कुणाच्या तरी ओसरीवर पोरं जमवायची, धुळाक्षरं गिरवून घ्यायची, शिधा-पैसा घ्यायचा आणि घरी जायचं, असा त्याचा रिवाज. सरकारी शाळेचा मास्तर तसा नव्हता. तो हुकमाचा कागद, ट्रंक आणि वळकटी घेऊन परगावाहून आला. गावानं त्याला शाळेची खोली दिली, नसली तर देवळाची ओवरी दिली. त्याचं घर कुठं आहे, घरात कोण कोण आहे, हे मात्र गावानं फारसं विचारलं नाही. मास्तरानं पोरांना काय शिकवलं यावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्याच्या घराबद्दल लिहायचंय.

मास्तराच्या पोटाचा विचार सरकारदरबारी पहिल्यांदा ठासून मांडला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेचा शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचं वाकस धरायला त्यानं लाजू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, हेही त्यांनी सांगितलं. आणखी एक सूचना केली. गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, पोस्ट सांभाळणं, स्टँप विकणं अशी कामं शिक्षकाला द्यावीत, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल.

ही सूचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिक्षकाला शाळेबाहेरचं काम द्या असं म्हणणारे जोतीराव ते काम पगाराच्या आणि मानाच्या जोडीनं देत होते. पुढं सव्वाशे-दीडशे वर्षांत झालं असं की कामं सगळी आली, वर चार नवी आली, आणि ज्या मानासाठी ती द्यायची होती तो मान मात्र मागं राहिला.

जोतीरावांना हे कळत होतं, कारण शिक्षकाचं घर म्हणजे काय ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८४९ मध्ये नवरा-बायकोला वडिलांचं घर सोडावं लागलं. सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून जास्तीचं लुगडं जवळ ठेवायच्या, ही गोष्ट आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण शेणानं भरलेलं ते लुगडं संध्याकाळी घरी आल्यावर कोण धूत होतं? त्याच धूत असणार. शाळेचं काम आणि घरचं काम हे दोन्ही एकाच बाईच्या अंगावर पडण्याची सुरुवात आपल्याकडं पहिल्या शिक्षिकेपासूनच आहे. पुढं त्यांनी यशवंताला दत्तक घेतलं. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली. तोच रोग लागून १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

त्यानंतर आपल्या मनात आदर्श शिक्षकाचं जे चित्र बसलं, त्यात एक गंमत आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या पोरांचं ते आईच्या मायेनं करायचे. गुरुजी अविवाहित. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तक होऊन आली. ती आमच्या माणदेशातलीच. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला गेलेला तो कोवळा मास्तर शिकवण्यापेक्षा वाडीची बाकीची कामंच जास्त निस्तरतो. तोही सडाफटिंग. म्हणजे आम्हाला मनापासून आवडलेले दोन्ही मास्तर मागं संसार नसलेले. ज्याच्या घरी कुणी वाट बघत नाही असा मास्तर गावाला लई बरा वाटतो.

संसारी माणसांनी केलेला त्यागही आमच्या सातारा जिल्ह्याला चांगला ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्याला वसतिगृह चालवलं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट सांगताना आजही आमच्याकडं आवाज कापरा होतो. पण लक्ष्मीबाईंनी ते आपण होऊन दिलं होतं. आपण होऊन दिलेलं आणि दुसऱ्यानं हक्कानं मागितलेलं यात फरक असतो. पुढं पुढं आम्ही सगळ्याच मास्तरांकडून ते मागायला लागलो.

आता माझ्या बघण्यातलं सांगतो. आमचं गाव माण तालुक्यातलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. माझा जन्म त्याच्या दोन वर्षं आधीचा. मी पहिलीत असताना आमच्याकडं जे गुरुजी आले ते अकरा वर्षं राहिले. मारुतीच्या देवळामागं एक खोली होती, पत्र्याची. वातीचा स्टो, दोन भांडी, एक कंदील. भाकरी स्वतः थापायचे. बायको-पोरं खटावाकडं त्यांच्या गावी, म्हाताऱ्या आईवडलांपाशी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तीन मैल चालून एसटी गाठायची आणि सोमवारी परत यायचं, असा त्यांचा बेत असायचा. हा बेत महिन्यातून एखाद्या वेळी साधायचा.

का साधायचा नाही? कारण शनिवारी दुपारी कुणाचा तरी सोसायटीच्या कर्जाचा अर्ज असायचा. कुणाचं मुंबईहून पोराचं पत्र आलेलं, ते वाचून दाखवायचं आणि उत्तर लिहायचं. लग्नाची पत्रिका लिहायची, बांधाच्या भांडणात पंच म्हणून बसायचं. पोस्टाची पिशवीही त्यांच्याकडंच होती. १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी यायला लागली, तिचं वाटप आणि हिशेब गुरुजींकडं. मोठी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली, त्यांना गोळा करून रात्री कंदिलावर शिकवणी घेणंही त्यांच्याकडंच. आम्ही त्यांच्यावर जीव टाकायचो. गावही टाकायचं. पहिल्या धारेचं दूध, हुरडा, भुईमुगाच्या शेंगा त्यांच्या खोलीवर जायच्या.

एकदा यात्रेला त्यांची बायको धाकट्या पोराला घेऊन आली. चार-पाच वर्षांचं पोरगं. गुरुजींनी जवळ ओढलं तर ते आईच्या पदराआड लपलं. आमच्या आईनं काकूंना जेवायला बोलावलं होतं. जेवता जेवता काकू म्हणाल्या, “समदं गाव ह्यांना गुरुजी म्हणतंय, अन् घरचं पोरगं पाव्हणं समजतंय.” आई हसली नाही. तिनं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

गाव आणि गुरुजी यांच्यामधली ही माया एका वर्षात उसवली. ते आणीबाणीचं वर्ष, १९७६. कुटुंब नियोजनाच्या ‘केस’ आणायच्या, अमुक इतक्या आणायच्या, नाहीतर पगार अडेल, असं मास्तर लोकांच्या मागं लागलं. सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं त्या वर्षी मंजुरीही दिली होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही. पण खाली गावात धाक कायद्याची वाट बघत थांबत नसतो. शाळा सुटली की गुरुजी हातात वही घेऊन वस्त्यांवर फिरायचे. ज्या दारात त्यांना पाण्याचा तांब्या आधी आणि बोलणं मागनं असायचं, त्या दारातनं ‘मालक रानात गेल्यात’ असं उत्तर यायला लागलं. बायका त्यांना बघून आत जायच्या. मी तेव्हा दहावीला, दुसऱ्या गावी हायस्कुलाला जात होतो. एका संध्याकाळी गुरुजी ओढ्याच्या कडेला एकटेच बसलेले दिसले. वही मांडीवर, नजर पाण्यावर. मी नमस्कार केला, तर म्हणाले, “अभ्यास कर बाबा. अन् मास्तर हू नगंस.” ते शाळेत शुद्ध बोलायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडून घरची बोली आली.

पुढच्या वर्षी, १४ डिसेंबर १९७७ पासून, राज्यभर सरकारी नोकरांचा संप झाला. तो ५४ दिवस चालला. केंद्रासारखा महागाई भत्ता पाहिजे ही मुख्य मागणी. शिक्षकही त्यात उतरले. गावात बडबड सुरू झाली, ‘मास्तरांना काय कमी हाय? बसून पगार.’ आमच्या वडिलांनी काही न बोलता दोन पायली ज्वारी गुरुजींच्या खोलीवर पोच केली. पगार बंद म्हणजे दोन चुली बंद, एक इथली आणि एक खटावाकडची, एवढा हिशेब शेतकऱ्याला कळतो. संप मिटल्यावर काही महिन्यांनी गुरुजींची बदली झाली.

पुढच्या काळात ‘मास्तर’ या शब्दाच्या जोडीला ‘बाई’ हा शब्द आला. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी १९०९ नंतर बायकांना शिक्षिका होण्याचं शिक्षण दिलं होतं, पण त्यातल्या फार थोड्या आमच्यासारख्या माळावरच्या गावांपर्यंत आल्या. १९९४ च्या महिला धोरणानं नोकऱ्यांत तीस टक्के जागा राखल्या, आणि मग डी.एड. झालेल्या पोरी गावोगावच्या शाळांत दिसायला लागल्या. आमच्यासारख्यांच्या घरातल्या पोरी. जोतीरावांनी मागितलेला शेतकऱ्याघरचा शिक्षक शंभर वर्षांनी आला, तो पदर खोचून आला.

त्यातलीच एक माझी पुतणी. सन २००० मध्ये शिक्षण सेवक ही योजना निघाली होती. शिक्षक म्हणून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. प्राथमिकला महिना तीन हजार रुपये. वर्ग तोच, पोरं तीच, हजेरीपट तोच, पगार मात्र तीन हजार. पुतणीला नेमणूक मिळाली कोकणात, डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेत. नवरा इकडं माणात, चार एकर कोरडवाहू आणि चार म्हशी. खोलीभाडं, एसटी आणि पोट यात तीन हजार जायचे, वरून घरनंच कधी ज्वारी-बाजरीचं पीठ पाठवावं लागायचं. मूल झालं. बाळंतपणाची रजा संपली आणि पोरगी सासूपाशी ठेवून ती परत गेली. नऊ वर्षं अशी गेली. सरकारी भाषेत या दुखण्याला नाव आहे, ‘पती-पत्नी एकत्रीकरण’. बदलीच्या अर्जात तो एक रकाना असतो. पोरगी मोठी झाल्यावर आई सुट्टीला आली की पहिल्याच दिवशी विचारायची, “तू कधी जाणार?” कधी येणार हे तिनं विचारायचं सोडूनच दिलं होतं.

पुतणी नऊ वर्षांनी जिल्ह्यात आली. सगळ्यांचं एवढंही होत नाही. पुढं बदल्या ऑनलाइन झाल्या, अवघड क्षेत्र, सोपं क्षेत्र, संवर्ग असे शब्द आले. एकानं दुसऱ्याची जागा मागितली की मास्तर लोक म्हणतात, ‘खो बसला.’ खेळातला शब्द आहे, पण खो बसलेल्याला पोराची शाळा, म्हाताऱ्याचं औषध, भाड्याची खोली सगळं उचलून पळावं लागतं. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. शिक्षण सेवकाचं मानधन वाढत गेलं, २०२३ मध्ये प्राथमिकला सोळा हजार झालं. २०१८ मध्ये नोकरीतल्या बायकांना मुलाच्या संगोपनासाठी एकशे ऐंशी दिवसांची रजा मंजूर झाली, ती जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही लागू झाली. मागितलं, भांडलं, तेव्हा मिळालं. आपोआप काही आलं नाही.

बाहेरची कामं मात्र न मागता आली. १९९५ पासून पोरांना महिना तीन किलो तांदूळ मिळायला लागला, ऐंशी टक्के हजेरी भरली तर. पोरगं खाड्यावर, आणि तांदळासाठी बाप शाळेच्या दारात भांडायला. पुढं तांदळाची खिचडी झाली. पोरांच्या पोटात गरम अन्न जातंय हे फार चांगलं झालं. पण डाळ, तेल, मीठ, किती पानं उठली, किती तांदूळ उरला, याची रोजची नोंद मास्तराची. जनगणना, मतदारयादी, मतदान, सर्वेक्षण हे चालूच. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये सांगितलं की शिक्षकांना निवडणुकीची कामं सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशी द्यावीत. म्हणजे पोरांचा तास वाचला, पण मास्तराचा रविवार गेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सत्ताविसावं कलम आहे. जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षक लावू नये असं ते सांगतं. तीन वाटा उघड्या ठेवल्या, आणि त्या तीन वाटांनी सगळी वरात आत येते.

मग मोबाइल आला. पूर्वी माहिती मागवायची तर टपाल यायचं, चार दिवस लागायचे. आता रात्री दहाला ग्रुपवर ‘तातडीचे’ म्हणून निरोप येतो. दर सोमवारी पोरांबरोबर सेल्फी काढून हजेरी कळवा, असाही एक हुकूम २०१६ च्या शेवटाला निघाला. ओरड झाली तेव्हा तो थांबवला. २०२० च्या कोरोनात शाळांना कुलूप लागलं, पण मास्तरांना कुठलं कुलूप? नाक्यावर पहारा, घरोघर ताप मोजणं, शिवाय मोबाइलवर तास. आमच्या पुतणीच्या घरात मोबाइल एकच. दिवसा तिच्या वर्गाची पोरं त्यावर, आणि तिची स्वतःची पोरगी वही घेऊन शेजारी, पाळी कधी येते याची वाट बघत.

एवढं सगळं सांगायचं कारण आमच्या ग्रामसभेत घडलं. घरभाडे भत्ता घ्यायचा तर मास्तर मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडायचा, असा नियम आला. आमच्या शाळेत आता दोघी बाईच आहेत, तालुक्याहून गाडीवर येतात. ठराव वाचल्यावर एकजण उठला आणि म्हणाला, “पूर्वीचे गुरुजी राहत हुते की गावात. अकरा वर्सं राहिले. ह्यांना काय हुतंय?” माना हलल्या. त्यात माझ्या वयाचे बरेच होते. दोघींतल्या थोरल्या बाई शांतपणे उठल्या. म्हणाल्या, “दादा, गुरुजी गावात राहत होते तेव्हा त्यांच्या घरी त्यांच्या बायको होत्या. म्हाताऱ्यांना बघायला, मुलांना वाढवायला. माझ्या घरी ती मीच आहे.”

सभा गप्प झाली. मला खटावाच्या काकू आठवल्या. आम्ही ज्याला गुरुजींची सेवा म्हणत आलो, तिच्यातली निम्मी त्या बाईनं केली होती, तीस मैलांवर, कुणाच्या डोळ्यांवर न येता. तिचा पगार कुठल्या पत्रकात नव्हता. आता तीच बाई शिकून शाळेत उभी आहे, तर तिच्या घरी मागं कुणी नाही. पूर्वीचं सगळं पूर्वीसारखंच पाहिजे म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं.

मी उठून एवढंच म्हणालो की राहायला घर कुठलं देताय ते आधी सांगा. देवळामागची खोली कधीच पडली. न्हाणी-संडास असलेली रिकामी खोली गावात एकही नाही. आपण शेतकरी माणसं. बैलाचा खांदा आला तर औत सोडतो, हळद-तेल लावतो, दुसऱ्याचा बैल मागून आणतो, पण सुजल्या खांद्यावर जू ठेवत नाही. पाऊस पडला म्हणून लगेच रानात घुसत नाही, वापसा येऊ देतो. ओल्यात औत घातलं की ढेकळं निघतात आणि वर्षभर निस्तरत बसावं लागतं. दमलेल्या मास्तराच्या हाताखाली पोरंही तशीच निघणार. त्याला वापसा पाहिजे तो त्याच्या सुखासाठी पाहिजेच, पण आपल्या पोरांसाठीही पाहिजे.

त्या दिवशी ठराव निघाला नाही, वादही मिटला नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पोर आजारी नसेल तर संध्याकाळी सातनंतर बाईंना फोन करायचा नाही. दाखले, अर्ज, फॉर्म यांसाठी ग्रामपंचायतीच्या संगणकवाल्या पोराकडं जायचं, वर्गात शिरायचं नाही. आणि खिचडीचा माल उतरवून मोजून घ्यायला समितीतला एक माणूस पाळीनं जाईल. सोमवारची पाळी माझी असते.

दोघी बाई अजून तालुक्याहूनच येतात. साडेदहाच्या आत येतात. सोमवारी मी तांदळाचं पोतं मोजत असतो तेव्हा आतून चौथीच्या पोरांचे पाढे ऐकू येतात. पूर्वी त्या वेळी बाई माझ्या जागी पोतं मोजत असायच्या.